पस्तिशी-चाळिशीचा वाढदिवस: दुकान चालू ठेवा आणि समुद्रावर जा

तिसावा, पस्तिसावा, चाळिसावा असा आकड्याचा वाढदिवस या वर्षी ज्यांचा येतोय, त्यांच्यासाठी आज लिहितोय. माझं मत सरळ आहे. त्या वाढदिवसाला जुने तीन-चार मित्र गोळा करा, शनिवार-रविवारला शुक्रवार जोडा आणि समुद्रावर जा. आणि जाताना दुकानाला कुलूप लावू नका. ते तुमच्याशिवाय तीन दिवस चाललं पाहिजे.

व्हिडिओत हे बोललो की एक उत्तर ठरलेलं येतं: "सर, हे नोकरीवाल्यांचे चोचले झाले." बरोबर आहे, नोकरीवाल्याला रजा असते. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा काढून बघा. (पूर्णपणे लागू होतो तो जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी, पण वाचावा प्रत्येकाने.) त्यात कामगाराला आठवड्याची सुट्टी आहे, वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत, भरपगारी रजेचा हिशेब आहे. मालकाच्या रजेचं कलम कुठेच नाही. ते आपलं आपण लिहायचं असतं, आणि आपण दहा-दहा वर्षं लिहीत नाही.

आपल्याकडे मोठे वाढदिवस उतारवयातले. साठीची शांत, पंचाहत्तरी, आणि पुढे एक्क्याऐंशीच्या आसपासचं सहस्रचंद्रदर्शन. म्हणजे दुकान पोराच्या हातात गेल्यावरचे. त्यात वाईट काही नाही, पण साठीच्या शांतीला आलेल्यांमध्ये तुमचे शाळेतले मित्र किती असतात ते एकदा मोजा. नातेवाईक असतात, व्यापारी असतात, भटजी असतात. मित्र कुठेतरी वाटेत सुटलेले असतात.

दुसरं टोक म्हणजे हल्लीचा चौकातला वाढदिवस. रात्री बारा वाजता गाडीच्या बॉनेटवर केक, वर फटाके, आणि फ्लेक्सवर पन्नास शुभेच्छुकांचे फोटो. उस्मानपुऱ्यापासून क्रांती चौकापर्यंत चालत गेलात तर कुणाचा ना कुणाचा वाढदिवस खांबावर लटकलेला दिसेलच. विनापरवाना फ्लेक्सवरून उच्च न्यायालयाने किती वेळा सुनावलंय, तलवारीने केक कापणाऱ्यांवर शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल होतात, तरी थांबत नाही. मला त्यातला पैसा खुपतो. फ्लेक्स, फटाके, रात्रीचं जेवण मिळून जो खर्च होतो त्यात चार जण कोकणात जाऊन येतात. शिवाय त्या फ्लेक्समुळे दुकानात एक गिऱ्हाईक वाढलेलं मी अजून बघितलेलं नाही.

आता मुख्य अडचण. दुकान.

"तीन दिवस गेलो तर चोवीस हजार बुडतील," असं मला एकाने सांगितलं. रोजचा गल्ला आठ हजार, म्हणून त्रिक चोवीस. हा हिशेब चुकीचा आहे आणि निम्मे दुकानदार असाच करतात. आठ हजार ही विक्री आहे. समजा त्यात तुमचं मार्जिन वीस टक्के. म्हणजे दिवसाला सोळाशे. दुकान तीन दिवस पूर्ण बंद ठेवलं तरी चार हजार आठशेच्या वर काही जात नाही, आणि त्यातलंही काही गिऱ्हाईक सोमवारी परत येतं. दुकान दुसऱ्याने चालवलं आणि सत्तर टक्के विक्री झाली, तर चोवीसपैकी सोळा हजार आठशे आले. विक्री कमी झाली सात हजार दोनशेची, मार्जिन गेलं एक हजार चारशे चाळीस. म्हणजे तुम्ही गेल्याची किंमत दीड हजाराच्या आत. ज्या दीड हजारासाठी माणूस चाळिशीपर्यंत समुद्र बघत नाही, तो दीड हजार एकदा कागदावर लिहून बघा.

पण दुसऱ्याने दुकान चालवायचं म्हणजे आयत्या वेळी मेव्हण्याला गल्ल्यावर बसवायचं असं नाही. मेव्हणा चांगला माणूस असतो, त्याला दर माहीत नसतात. तयारी दीड महिना आधी सुरू करा. माझं दुकान स्टेशनरी आणि झेरॉक्सचं आहे, म्हणून माझ्याच दुकानातलं सांगतो. प्रोजेक्टच्या स्पायरल बाइंडिंगचा दर माझ्या डोक्यात असेल, तर दुकानातला मुलगा प्रत्येक पोराला "सर आले की सांगतो" म्हणणार आणि ते पोरगं दोन दुकानं पुढे जाणार. शासकीय तंत्रनिकेतन आणि देवगिरी कॉलेजच्या पट्ट्यात झेरॉक्सच्या दुकानांची काय कमी आहे का? म्हणून दर भिंतीवर लिहिले. घासाघीस झाली तर किती सोडायचं तेही ठरवून दिलं: शंभरावर पाच, त्याच्या वर नाही, मला फोन नाही. टोनर आणि कागदाची रिमं आधीच आणून ठेवायची. मशीन बिघडलं तर मेकॅनिकचा नंबर मुलाकडे पाहिजे, माझ्या फोनमध्ये असून उपयोग नाही.

पैशाची गोष्ट आजकाल सोपी झाली आहे. क्यूआर कोडचे पैसे थेट खात्यात येतात आणि साउंडबॉक्स मोठ्याने बोलतो, त्यामुळे दर पेमेंटला "आले का बघा" असा फोन करायची गरज उरलेली नाही. रोख रकमेसाठी सकाळी ठरलेले सुट्टे द्या, रात्री मोजून पाकिटात घालून वर तारीख टाकायला सांगा. उधारीची वही मात्र तीन दिवस बंद. कुणाला द्यायची नाही, मालक आल्यावर बघू, एवढं एकच वाक्य मुलाला पाठ असू द्या. ते वाक्य त्याला फार उपयोगी पडतं, कारण उधारीवाला बरोबर मालक नाही बघूनच येतो!

हे सगळं आधी एका साध्या दिवशी करून बघा. मंगळवारी दुपारी बारा ते पाच दुकानातून बाहेर जा, गावातच राहा आणि फोन घेऊ नका. काय अडलं ते संध्याकाळी विचारा. मग एक पूर्ण दिवस. मग तीन. थेट तीन दिवसांवर उडी मारणारा माणूस समुद्रावर बसून सीसीटीव्ही बघत असतो. असे लोक मी बघितलेत. समोर लाटा, आणि हा मोबाइलवर स्वतःच्याच काउंटरचा पंखा फिरताना बघतोय. कॅमेऱ्याचं ॲप तीन दिवस काढून टाका, परत टाकायला दोन मिनिटं लागतात.

सगळ्यांना हे असंच जमणार नाही. ज्या ताई घरून टिफिन देतात, त्यांच्या हाताला पर्याय नसतो. तिथे सरळ बंद ठेवा, पण पंधरा दिवस आधी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगा आणि महिन्याच्या बिलातून तेवढे दिवस आधीच वजा करा. न सांगता एक दिवस बंद ठेवला तर गिऱ्हाईक तुटतं, सांगून तीन दिवस ठेवला तर बहुतेक थांबतात. टिफिनवाल्या ताईंची खरी अडचण वेगळी असते. धंद्याला सुट्टी दिली तरी घरचा स्वयंपाक सुटत नाही. तर घरच्यांनो, तीन दिवस तुम्ही खिचडी लावा. मैत्रिणींबरोबर जाण्याचा हक्क त्यांनाही तेवढाच आहे.

आता मित्र. समुद्राइतकाच मी मित्रांवर अडून बसतोय, त्याला कारण आहे.

दुकान टाकल्यावर मित्र तुटत नाहीत, झिजतात. त्यांची सुट्टी रविवारी, आपला धंदा रविवारी. वाळूजला कंपनीत असणारा मित्र सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला मोकळा होतो, तेव्हा आपण उद्याच्या मालाची यादी करत असतो. लग्नसराईत मित्राच्या लग्नाला आपण अक्षता पडून गेल्यावर पोचतो, जेवतो आणि पाकीट देऊन निघतो. पुढे पुढे मित्र दुकानातच भेटायला येतो. तो काउंटरच्या त्या बाजूला उभा, आणि आपण त्याच्याशी बोलता बोलता दोन गिऱ्हाइकं करतो. तो शहाणा असतो, दहा मिनिटांत "चल, तू बिझी आहेस" म्हणून जातो. चार वर्षांनी तो यायचाच बंद होतो, आणि भांडण काहीच झालेलं नसतं.

मग आपल्या आयुष्यात कोण उरतं? पुरवठादार, गिऱ्हाईक, बँकवाला, शेजारचा दुकानदार. सगळी चांगली माणसं, पण प्रत्येकासमोर आपण "धंदा मस्त चाललाय" असंच म्हणतो. पुरवठादाराला खरं सांगितलं तर तो उधारीवर माल देणं थांबवेल, शेजाऱ्याला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत बाजारात पसरेल. घरी सांगितलं तर झोप उडेल. मंदीचे सहा महिने एकटाच गिळणारा दुकानदार मी ट्रेनिंगमध्ये दर बॅचला बघतो. त्याला मार्केटिंग शिकवून काही होत नाही. त्याला एक असा माणूस पाहिजे असतो, ज्याला तो "या महिन्यात भाडं निघालं नाही" असं म्हणू शकेल. असा माणूस साधारणपणे दहावीच्या बाकावर शेजारी बसलेला असतो. आणि हे वाक्य चहाच्या टपरीवर पंधरा मिनिटांत बाहेर येत नाही. त्याला दहा तासांचा प्रवास, एक रात्र आणि करायला काही नसलेली दुपार लागते.

म्हणून वीस जणांचा ग्रुप नेऊ नका. एका गाडीत मावतील तेवढेच. आणि नवीन "बिझनेस कॉन्टॅक्ट" तर अजिबात नको. त्याच्यासमोर तुम्ही परत दुकानदारच व्हाल.

पैसे कुणी द्यायचे? आपल्याकडे रीत अशी की ज्याचा वाढदिवस त्याने सगळ्यांचं करायचं. त्यात धंदेवाला असला की "शेठ, तुमचं काय!" सुरू. माझ्या मते राहणं-फिरणं सगळ्यांनी सारखं वाटून घ्यावं, आणि वाढदिवसाच्या रात्रीचं एक जेवण तुम्ही द्यावं. निघायच्या आधी सगळ्यांनी एकाच्या खात्यात रक्कम टाकायची, खर्च तिथूनच. आणि आपापसात हातउसने दिले-घेतले असतील तर तो विषय जाण्याआधी मिटवा, नाहीतर पूर्ण प्रवासात गाडीत एक सहावा माणूस बसलेला असतो.

खर्चाचा माझा अंदाज सांगतो. पाच जण, एक गाडी, येऊन-जाऊन आठशे किलोमीटर, दोन रात्री, साधं घरगुती राहणं, घरचं जेवण: माणशी सहा हजारांच्या आसपास. महिन्याला पाचशे वेगळे टाकले तर वर्षात जमतात. ते टाकायचे मात्र स्वतःच्या खिशातून. गल्ल्यातून उचलून नेऊ नका. तुम्ही दर महिन्याला धंद्यातून ठरावीक रक्कम स्वतःसाठी काढता ना? नसाल तर आधी ते सुरू करा. वहीत ती उचल म्हणून लिहा आणि ट्रिपचे पाचशे त्यातून बाजूला काढा.

इथे एक शहाणपणा हमखास कुणीतरी सुचवतो: "हॉटेलचं बिल दुकानाच्या नावावर घे, खर्चात टाकू." करू नका. स्वतःच्या मौजेचा खर्च प्राप्तिकरात धंद्याचा खर्च म्हणून वजा होत नाही, आणि जीएसटीतही वैयक्तिक वापराचं क्रेडिट घेता येत नाही. तसंही २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के जीएसटी आहे. तेवढ्यासाठी वही कशाला बिघडवायची? आणि हो, छोट्या घरगुती निवासाच्या मालकाची नोंदणीच नसेल तर तो जीएसटी लावू शकत नाही. बिलावर जीएसटी दिसला तर त्याचा नंबर बघून घ्या.

जायचं कुठे? आपल्याला समुद्र लांब. आपला समुद्र म्हणजे पैठणचा नाथसागर. त्याच्याबद्दल पूर्ण आदर आहे, पण तिथून माणूस संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळेला परत येतो. तारकर्ली सुंदर आहे, पण आपल्याकडून सहाशे किलोमीटरच्या वर, तीन दिवसांत नुसतं ड्रायव्हिंग होतं. मी सांगेन दिवेआगर, नाहीतर अलिबाग. गाडी नसेल तर अलिबाग सोपं: रात्रीची देवगिरी एक्सप्रेस, सकाळी मुंबई, गेटवेवरून मांडव्याची बोट, पुढे बस. बोट पावसाळ्यात बंद असते, एवढं लक्षात ठेवा. गाडी असेल तर पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा, दिवेआगर. चारशे किलोमीटरच्या आसपास पडतं, आणि नगर रोडवर शिक्रापूर-वाघोलीला किती वेळ जाईल ते देवाला माहीत. पहाटे चारला निघा.

दिवेआगर मी सुचवतोय त्यात ट्रेनरची नजर आहे हे कबूल. नारळी-पोफळीच्या वाड्यांचं गाव. १९९७ साली तिथल्या एका वाडीत खोदताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपती सापडला आणि दर्शनाला लोकांची रीघ लागली. खोल्या निघाल्या, खानावळी निघाल्या. २०१२ च्या मार्चमध्ये दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला आणि मूर्ती चोरीला गेली. गावात येणाऱ्यांचं मुख्य कारणच गेलं. मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आलं आणि वाड्या आडव्या झाल्या. पोफळ काय किंवा नारळ काय, आज लावलं तर फळ धरायला वर्षं जातात. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये मूर्तीची पुन्हा स्थापना झाली. या मधल्या सगळ्या काळात खोल्या देणारी, मोदक करून देणारी घरं टिकली, कारण माणसं किनाऱ्यासाठी आणि घरच्या जेवणासाठीही यायला लागली होती. तिथे जेवायला बसण्याआधी एक गोष्ट बघा: बऱ्याच घरांत किती ताटं आणि काय हवं ते काही तास आधी सांगावं लागतं. ऐन वेळी गेलात तर मिळेलच असं नाही. आपण शहरात त्याला उद्धटपणा म्हणू. पण त्या माउलीच्या घरी रात्री अन्न उरत नाही, आणि उरलेल्या अन्नावरच आपल्याकडच्या किती खानावळी बुडाल्यात ते तुम्हालाही माहीत आहे.

बस, एवढंच बघा. तिथे मित्रांना बिझनेस मॉडेल समजावत बसू नका, ते तुम्हाला पाण्यात टाकतील.

पाण्यावरून एक गोष्ट गंभीरपणे. आपण विहिरीत आणि तळ्यात पोहायला शिकलेली माणसं. समुद्राची ओढ वेगळी असते, तिथे चांगला पोहणाराही दमतो. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले कॉलेजचे विद्यार्थी बुडाले होते, तरणीताठी पोरं. भरती-ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा, तो सांगेल तिथेच थांबा. पिऊन पाण्यात जायचं नाही, गाडी वाळूत न्यायची नाही. आणि जाण्याआधी घरी एका कागदावर लिहून ठेवा: कुणाचे किती द्यायचे, कुणाकडून किती यायचे, विमा कुठला, बँकेत नॉमिनी कोण. वाढदिवसाच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण चाळिशीचा दुकानदार गेला की घरच्यांना उधारीची वहीसुद्धा वाचता येत नाही, हे मी जवळून बघितलंय. ट्रिपच्या निमित्ताने तो कागद होतो, एरवी होत नाही.

वाढदिवसाची तारीखच धरून बसू नका. तारीख तुमच्या सीझनमध्ये आली तर वाढदिवस पुढे ढकला, केक काही रुसत नाही. माझ्या दुकानाला जून-जुलै सोडताच येत नाही, कॉलेज प्रवेशांची गर्दी असते. कपड्यांच्या दुकानाला पितृपक्ष मोकळा मिळतो. मासे खायचे असतील तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते हेही बघा. दिवाळीच्या सुट्टीत आणि ३१ डिसेंबरला तिकडे जाऊ नका, खोली दुप्पट दराने आणि किनारा गुलमंडीसारखा.

रविवारी न्याहारी करून निघा, ताम्हिणी उजेडात पार झाला पाहिजे. सोमवारी सकाळी दुकान मुलालाच उघडू द्या, तुम्ही बाराला जा. गेल्या गेल्या गल्ला मोजू नका. आधी त्याला विचारा की तीन दिवसांत लोकांनी काय मागितलं जे आपल्याकडे नव्हतं. तुम्ही समोर असताना ती यादी तो कधीच सांगत नाही, कारण गिऱ्हाईक तुमच्याशी बोलतं. ती वहीत उतरवून घ्या, मग चहा सांगा आणि त्याला दुसऱ्या दिवशीची सुट्टी द्या.